लटक्या यंत्रातलं सत्य

जेम-फाइव्ह या सिम्युलेटरच्या कोडमध्ये भर घालणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी एका फार जुन्या प्रश्नाचा निकाल लावावा लागतो: दोष कोणाचा? प्रसंग साधाच असतो. प्रोग्रॅम चालता चालता अशा जागी येतो की पुढे वाटच नाही. थांबायचं, एवढं ठरलेलं. पण थांबताना कोडमध्ये दोनपैकी एक शब्द लिहावा लागतो, ‘फेटल’ किंवा ‘पॅनिक’. वापरणाऱ्याने नसलेली फाइल दिली किंवा न जुळणारे आकडे भरले, तर ‘फेटल’. वापरणाऱ्याने काहीही केलं असतं तरी जे मुळात घडायलाच नको होतं ते घडलं, तर ‘पॅनिक’. म्हणजे चूक सिम्युलेटर लिहिणाऱ्याची. प्रकल्पाच्या नियमांतच हा भेद नोंदलेला आहे आणि नवा माणूस चुकीचा शब्द वापरून आला तर जुने लोक तो दुरुस्त करून घेतात.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात याच खटल्याची सुनावणी आहे. सृष्टीत एक सुखात लोळतो, एक जन्मभर भोगतो. मग सृष्टी करणारा पक्षपाती आणि निर्दय म्हणायचा का? सूत्रकार ईश्वराला निर्दोष सोडतात, कारण त्याची रचना जिवांच्या कर्मावर अवलंबून आहे. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळ्या शेतावर सारखाच पडतो. साळ उगवायची की जव, ते बियाणं ठरवतं. थोडक्यात, वेदान्ताच्या सृष्टीत सगळेच थांबे ‘फेटल’ आहेत, ‘पॅनिक’ एकही नाही. जेम-फाइव्हच्या कर्त्यांना एवढा आत्मविश्वास नाही. त्यांच्या कोडमध्ये जागोजागी ‘पॅनिक’ लिहून ठेवलेलं आहे. स्वतःच्या चुकीची कबुली आगाऊ लिहून ठेवणारा निर्माता पुराणांत सहसा भेटत नाही.

हे प्रकरण नेमकं काय आहे ते आधी सांगायला हवं. नवा प्रोसेसर घडवायला वर्षं लागतात आणि पैसा पाण्यासारखा जातो. तो घडवण्याआधी प्रश्न पडतात: प्रोसेसरच्या हाताशी असलेली छोटी कॅश मेमरी दुप्पट केली तर काय होईल? दोनऐवजी आठ कोअर एकाच मेमरीकडे हात पुढे करू लागले तर कोण किती खोळंबेल? प्रत्येक प्रश्नासाठी सिलिकॉनवर चिप काढणं परवडत नाही. म्हणून प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहितात आणि त्या नकली प्रोसेसरवर खरे प्रोग्रॅम चालवून बघतात. जेम-फाइव्हच्या आत काहीही फेरफार न केलेलं लिनक्स सुरू होतं. त्या लिनक्सच्या दृष्टीने सगळं यथास्थित असतं: प्रोसेसर आहे, मेमरी आहे, घड्याळ आहे. प्रत्यक्षात यातलं काहीच नसतं. बाहेर एक साधा संगणक वहीत नोंदी करावी तशी बेरीज-वजाबाकी करत बसलेला असतो.

नावातच दोन घराण्यांची सोयरीक आहे. मिशिगन विद्यापीठात एम-फाइव्ह होता. प्रोसेसरचं अंतरंग दाखवण्यात तो तरबेज. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन आवारात जेम्स होता. त्याचा हातखंडा मेमरीत: अनेक कोअरनी आपापल्या कॅशमध्ये एकाच आकड्याची प्रत ठेवली, तर सगळ्यांच्या प्रती एकमेकींशी जुळत्या कशा राहतात, हा त्याचा विषय. पण मशीनच्या आज्ञा प्रत्यक्ष चालवण्यासाठी जेम्सला सिमिक्स नावाच्या विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचा आधार घ्यावा लागे. म्हणजे अर्धं घर उघडं आणि अर्ध्याला दुसऱ्याचं कुलूप. २०११ मध्ये दोन्ही एकत्र आले आणि बीएसडी परवान्याखाली सगळंच खुलं झालं. त्या वर्षीच्या लेखावर १६ जणांची नावं आहेत. त्यातले अर्कप्रव बसू पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले.

आता या नकली यंत्राचं घड्याळ जवळून बघू.

जेम-फाइव्हमध्ये काळाचा सर्वांत लहान तुकडा म्हणजे ‘टिक’. एरवी काही बदल केला नाही तर एक टिक म्हणजे एक पिकोसेकंद, एका सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. पण हे घड्याळ आपल्या भिंतीवरच्या घड्याळासारखं टकटक करत चालत नाही. आत घटनांची एक रांग असते. अमुक टिकला कॅशचं उत्तर यायचं आहे, तमुक टिकला मेमरीचं. सिम्युलेटर रांगेतली पहिली घटना उचलतो, ती घडवतो आणि काटा तिच्या वेळेवर नेऊन ठेवतो. दोन घटनांच्या मधला काळ ‘जात’ नाही. तो ओलांडला जातो. वैशेषिकांच्या मते काळ हे नऊ द्रव्यांपैकी एक आहे, अखंड आणि सर्वांना व्यापून राहिलेलं. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात वेगळं म्हटलं आहे: क्षण तेवढा खरा, क्षणांची सलग माळ ही बुद्धीने ओवलेली. जेम-फाइव्ह कोणत्या पक्षाचा आहे हे सांगायला नको.

आतल्या आणि बाहेरच्या काळाचं नातं तर पुराणात शोभावं असं आहे. ३ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर एका ठोक्याला एक आज्ञा पार पाडतो असं धरलं, तर सेकंदाला ३०० कोटी आज्ञा होतात. बारकाईने नक्कल करणारं मॉडेल सेकंदाला लाखभर आज्ञा उरकत असेल, तर आतल्या एका सेकंदासाठी बाहेर ३०,००० सेकंद लागतील. आठ तास वीस मिनिटं. खऱ्या यंत्रावर दहा मिनिटांत आटपणाऱ्या चाचणीला २०८ दिवस. भागवताच्या नवव्या स्कंधात ककुद्मी राजा मुलीला, रेवतीला, घेऊन तिच्यासाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो. गंधर्वांचं गाणं चाललेलं असतं, म्हणून ते संपेपर्यंत थांबतो, आणि मग त्याला कळतं की तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटली. मनात योजलेल्या वरांची नातवंडं-पणतवंडंही उरली नाहीत. सिम्युलेटरमधला प्रोग्रॅम हा तो ककुद्मी. त्याचं एक गाणं होतं आणि बाहेर पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचं एक सत्र संपतं.

निक बोस्ट्रम या तत्त्वज्ञाने २००३ मध्ये आपलं जगच एखाद्या प्रगत संस्कृतीने चालवलेलं सिम्युलेशन असू शकेल असा युक्तिवाद मांडला, आणि तेव्हापासून मायावादाला इंग्रजीत नवं गिऱ्हाईक मिळालं. बाहेरचं यंत्र कितीही संथ असलं तरी आतल्यांना ते कळणार नाही, हे खरंच आहे. रेवतीलाही कळलं नव्हतं. पण त्या चर्चेत एक गोष्ट नेहमी गृहीत धरलेली असते, ती म्हणजे सिम्युलेशन एकदा सुरू केलं की चालत राहतं. ज्यांनी एक तरी सिम्युलेटर सांभाळला आहे त्यांना हे गृहीतक ऐकून हसू येईल.

आतून बाहेर निरोप पाठवायची सोयसुद्धा जेम-फाइव्हमध्ये आहे. प्रोसेसरच्या भाषेत ज्यांना काही अर्थ नेमून दिलेला नाही असे काही संकेत या कामासाठी घेतलेले आहेत. आतल्या प्रोग्रॅमने असा संकेत उच्चारला की तो सिम्युलेटर ऐकतो. एका संकेताने आकड्यांची वही कोरी होते, दुसऱ्याने तोवरचा हिशोब बाहेर फाइलमध्ये उतरतो, तिसऱ्याने सगळं जग आहे त्या स्थितीत जतन होतं, आणि एकाने ते जगच संपतं. हाच प्रोग्रॅम खऱ्या चिपवर चालवला तर तोच संकेत म्हणजे निव्वळ चूक. ही आज्ञा माहीत नाही म्हणून प्रोग्रॅम जागच्या जागी बंद पडतो. प्रार्थनेविषयी आस्तिक आणि नास्तिक जे दोन पक्ष मांडतात ते दोन्ही इथे एकाच बायनरी फाइलवर शब्दशः खरे ठरतात. फक्त ती कुठे चालते त्यावर सगळं अवलंबून.

जतन केलेल्या जगाची कथाही न्यारी. लिनक्स सुरू होण्याचा वेळ वाया जाऊ नये म्हणून तो भाग साध्या, वेगवान मॉडेलवर उरकतात, स्थिती जतन करतात आणि मग बारकाईच्या मॉडेलवर पुन्हा उघडतात. देह बदलतो, स्मृती तीच राहते. मात्र जुन्या धाटणीच्या मेमरी मॉडेलमध्ये कॅशमधला ऐवज या प्रवासात सोबत येत नाही. मेमरीतला आकडा न् आकडा जागेवर, पण नेहमी हाताशी लागणारं काय ते हाताशी ठेवण्याची जमलेली सवय गेलेली. म्हणून पुनर्जन्मानंतर थोडा वेळ यंत्राला नुसतं चालू देतात, कॅश ‘वॉर्म’ होऊ देतात, आणि मगच मोजमाप सुरू करतात. हे विसरणाऱ्या विद्यार्थ्याचे आकडे चुकतात, आणि चुकलेत हे दिसतही नाही.

इथे खरा प्रश्न येतो. अशा यंत्रातून निघालेला आकडा हे ज्ञान आहे का?

रज्जुसर्पाची उपमा इथे लागू पडत नाही. दोरीला साप समजणारा फसलेला असतो. सिम्युलेटर चालवणारा फसलेला नसतो. हा प्रोसेसर नाही हे पक्कं ठाऊक असताना तो जाणूनबुजून प्रोसेसर मानतो. नव्यन्यायात याला चोख नाव आहे: आहार्य ज्ञान. वस्तुस्थिती उलट आहे हे माहीत असताना इच्छेने मनात धरलेलं ज्ञान. नैयायिक ज्याला तर्क म्हणतात तोही याच जातीचा. डोंगरावर अग्नी नसता तर धूरही नसता, असं आपण म्हणतो तेव्हा अग्नी नाही असं आपल्याला वाटत नसतं. तसं धरून काय होतं ते बघतो. ‘कॅश दुप्पट असती तर’ हे त्याच धाटणीचं वाक्य. आणि नैयायिकांनी इथे मोठं शहाणपण दाखवलं आहे. तर्काला त्यांनी प्रमाणांच्या पंगतीत बसवलं नाही. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द ही चार प्रमाणं. तर्क त्यांचा मदतनीस. तो शंका दूर करील, वाट मोकळी करील, पण शिक्का मारण्याचा अधिकार त्याला नाही.

संगणकशास्त्रात मात्र हा मदतनीस केव्हाच पंगतीत येऊन बसला आहे. प्रोसेसरविषयीच्या संशोधनात ‘आमच्या कल्पनेने इतके टक्के वेग वाढला’ असं वाक्य येतं, तेव्हा तो वेग बहुतेक वेळा सिम्युलेटरमधला असतो. ती चिप कधी बनलेली नसते, कदाचित कधी बनणारही नसते.

याची झाडाझडती घेणारेही निघाले. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन आवारातल्या देसिकन, बर्गर आणि केकलर यांनी २००१ मध्ये एक सिम्युलेटर थेट खऱ्या यंत्राशेजारी ठेवून तपासला. यंत्र होतं कॉम्पॅकचं डीएस-१०एल, आत अल्फा २१२६४ प्रोसेसर. एकेका अवयवाला चिमटा काढतील असे २१ छोटे प्रोग्रॅम त्यांनी लिहिले आणि दोन्हीकडचे आकडे जुळेपर्यंत एकेक चूक हुडकून काढली. शेवटी सरासरी चूक २ टक्क्यांवर आली. मग त्याच दुरुस्त सिम्युलेटरवर नेहमीच्या वापरातले मोठे प्रोग्रॅम चालवले, तर चूक १८ टक्के. एकेक सूर जुळला, तरी राग बेसूर. ५ टक्के सुधारणा झाली म्हणून पाठ थोपटून घेणाऱ्यांनी हा आकडा टेबलासमोर लावून ठेवायला हरकत नव्हती. २०१५ मध्ये तर या सिम्युलेटरांवर विसंबणंच घातक आहे, अशा मथळ्याचा लेख ‘आयट्रिपलई मायक्रो’मध्ये आला, जेम-फाइव्हवरही त्यात टीका होती. लिहिणारे विस्कॉन्सिनचेच. पूर्वपक्ष घरातूनच उभा राहावा, ही परंपरा आपल्याला नवी नाही.

दुसरी अडचण याच्या नेमकी उलट आहे: सिम्युलेटर फारच सुसंगत असतो. तोच प्रोग्रॅम, तीच मांडणी दिली की उत्तर शेवटच्या टिकपर्यंत तेच येतं. खरं यंत्र असं कधीच वागत नाही. कुठे मेमरीचं उत्तर किंचित उशिरा आलं, तेवढ्याने दुसऱ्याच कोअरला आधी कुलूप मिळालं, आणि पुढची सगळी कथा बदलली. विस्कॉन्सिनचे अलामेलदीन आणि वुड यांनी २००३ मध्ये दाखवलं की अनेक धाग्यांच्या प्रोग्रॅममध्ये सिम्युलेटरच्या एकाच धावेवरून काढलेला निष्कर्ष चक्क उलटा निघू शकतो. उपाय त्यांनी सुचवला तो गमतीचा आहे. मेमरीच्या उत्तरात मुद्दाम काही नॅनोसेकंदांचा यादृच्छिक विलंब घाला, तीच चाचणी अनेकदा चालवा आणि मग बोला. नियतीने बांधलेल्या जगातून खऱ्याचा अंदाज यावा म्हणून त्यात चिमूटभर लीला मिसळायची.

आणि तरीही, कधी कधी हे लटकं यंत्र त्याच्या कर्त्यांपेक्षा जास्त खरं बोलून जातं. जेम-फाइव्हमधलं सर्वांत बारकाईचं प्रोसेसर मॉडेल ओबडधोबडपणे त्याच अल्फा २१२६४ वर बेतलेलं आहे. असे प्रोसेसर पुढचं वळण कुठलं असेल ते ओळखून आधीच काम सुरू करतात; अंदाज चुकला तर केलेलं काम रद्द करतात. जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ हा दोष जाहीर झाला, तेव्हा जगाला कळलं की रद्द केलेल्या कामाची खूण कॅशमध्ये उरते आणि त्या खुणेवरून गुपित ओळखता येतं. कर्म पुसलं गेलं, संस्कार मागे राहिला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस आवारातले जेसन लो-पॉवर यांनी हाच हल्ला जेम-फाइव्हच्या आत चालवून दाखवला. मॉडेल लिहिलं गेलं होतं वेग मोजण्यासाठी. चोरीचा विचार कोणाच्या मनातही नव्हता. तरी ती वाट त्या कोडमध्ये पहिल्यापासून होती. मानलेल्या गोष्टीत न मानलेलं सत्य निघालं, तर त्याला कोणत्या प्रमाणात धरायचं, हे नव्यन्यायाच्या गंगेशोपाध्यायांना विचारायला हवं होतं.

‘त्रिकालाबाधित सत्य’ हा शब्द मराठीत भाषणांत सर्रास वापरला जातो. त्याचा मूळ अर्थ कडक आहे: भूत, वर्तमान, भविष्य या कोणत्याही काळी ज्याचा बाध होत नाही, म्हणजे नंतरच्या ज्ञानाने जे खोटं ठरत नाही, ते. सिम्युलेटरमधलं प्रत्येक उत्तर याच्या दुसऱ्या टोकाला असतं. पुढच्या दुरुस्तीने त्याचा बाध होणारच असतो, आणि ती दुरुस्ती करणं हेच तर सांभाळणाऱ्यांचं काम. समजा, मेमरीच्या हिशोबातली एक चूक कोणी पकडली आणि सुधारली. सुधारताक्षणी ज्या ज्या शोधनिबंधांत ती चूक मुरलेली होती, त्यांचे आकडे नव्या आवृत्तीत निघेनासे होतात. मग चूक सुधारावी, की जुनं ज्ञान जपण्यासाठी चूक जपावी? जेम-फाइव्हचा तोडगा कमालीचा व्यवहारी आहे: दोन्ही करा. चूक सुधारा, आणि चुकीसकट जुनी आवृत्तीही नाव-नंबर देऊन ठेवून द्या. २०२० मध्ये २०.० पासून ठरावीक काळाने पक्क्या आवृत्त्या काढायची शिस्त लागली. त्याआधी ‘आम्ही जेम-फाइव्ह वापरला’ एवढंच लिहून लोक मोकळे होत. कोणत्या दिवशीचा जेम-फाइव्ह, हे विचारायची सोय नव्हती.

२०११ ते २०२० या नऊ वर्षांत २५०हून अधिक लोकांनी साडेसात हजारांवर बदल या कोडमध्ये केले. त्यांत बरेच विद्यार्थी. प्रबंधासाठी लागला तेवढा भाग लिहायचा, तो मूळ कोडमध्ये मिसळून घ्यायचा, पदवी घ्यायची आणि नोकरीला लागायचं. मागे राहतो तो कोड, आणि तो कोणालाच नीट न कळण्याची भीती. आतल्या जगात काहीही बिघडलेलं नसलं तरी बाहेरचं जग म्हातारं होत असतं. पायथन २ ची मुदत २०२० मध्ये संपली, नवे कंपायलर जुन्या ओळींवर नाकं मुरडू लागले. अल्फा हा प्रोसेसर बाजारातून कधीच गेला. एम-फाइव्हने जिच्या बोटाला धरून चालायला सुरुवात केली ती अल्फाची भाषाही पुढे जेम-फाइव्हमधून काढून टाकली गेली, कारण ती तपासणं अवघड झालं होतं आणि फारसं कोणी वापरतही नव्हतं. २१२६४ ची चालण्याची ढब मात्र त्या बारकाईच्या मॉडेलमध्ये अजून आहे. आज त्याच्यावर आर्मची भाषा चालते, रिस्क-फाइव्हची चालते. घरात आजोबांचा फोटो नसला तरी नातवाच्या चालीत आजोबा दिसावेत, तसं.

जेम-फाइव्ह नव्याने शिकणाऱ्यांना बहुधा पहिल्या आठवड्यातच एक आकडा भेटतो. टिक मोजायला ६४ बिटांची जागा ठेवली आहे, त्यामुळे आतल्या काळाला कमाल मर्यादा आहे: १८४४६७४४०७३७०९५५१६१५ टिक, म्हणजे साधारण २१३ दिवस. मघाच्या वेगाने तिथपर्यंत पोचायला बाहेर साडेसतरा हजार वर्षं लागतील. तरी विद्यार्थी ‘रन’ म्हणतो आणि दुसऱ्या मिनिटाला पडद्यावर ओळ उमटते: या टिकला थांबलो, कारण मर्यादा संपली. तो चक्रावतो. झालेलं असतं एवढंच, की मांडणीत कुठली तरी तार जोडायची राहिली, कोणी तरी कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत बसलं आणि रांगेत एकही घटना उरली नाही. मग सिम्युलेटर काटा उचलतो आणि थेट प्रलयावर नेऊन ठेवतो. यावेळी ‘पॅनिक’ही छापलं जात नाही आणि ‘फेटल’ही नाही. विद्यार्थी मांडणीची फाइल पुन्हा उघडतो आणि तुटलेली तार शोधू लागतो.